दर रविवारी पुरीभाजी वाटतोय पण पोरांच्या अंगाला काही लागत नाहीये, चुकतंय कुठे?

वाघोलीकर_सध्या:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीये, चहा घेऊन बसा.

आम्ही वाघोलीत राहतो. सोसायटीच्या मागे दोन टॉवरचं काम चालू आहे आणि त्याला लागूनच पत्र्याच्या खोल्यांची वस्ती, साठेक खोल्या असतील. बरीचशी मंडळी जालना-परभणीकडची, थोडी विजापूरची. गेल्या दिवाळीत फराळ उरला तो चार घरांनी मिळून तिकडे नेऊन दिला आणि तिथून सुरू झालं ते दर रविवारचं जेवण. पुरीभाजी, कधी मसालेभात, सोबत एक केळं. घरटी महिना पाचशे, केटरर ठरलेला, सव्वाशे पाकिटं. सुरुवातीला फोटो काढायचो, मग आमचीच आम्हाला लाज वाटायला लागली, बंद केलं.

तर झालं काय, जूनमध्ये अंगणवाडीच्या ताई वस्तीत पोरांचे दंड मोजायला आल्या होत्या, ती तीन रंगांची पट्टी असते बघा. मी पाकिटं घेऊन तिथेच उभा होतो. पाच पोरं पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषित, एक लाल. पिवळ्यातली एक मुलगी दोन वर्षांची, ती पहिल्या रविवारपासून आमच्या रांगेत असते, सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. दंड ११.८ सेंटीमीटर. म्हटलं आता हिच्याकडे लक्ष देऊ, हिला दोन पाकिटं देऊ. तीन महिन्यांनी परत मोजला, ११.९. म्हणजे आमची एवढी पाकिटं गेली कुठे?

ग्रुपवर आता दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते बुधवारीपण वाटू, प्रोटीन पावडर देऊ. दुसरी म्हणते बंद करा, काही उपयोग नाही. आणि एका काकांनी "बायकांना सक्षम करा, भूक आपोआप संपेल" असं टाकून खाली हात जोडलेला इमोजी. बरं काका, पण सक्षम करा म्हणजे सोमवारी सकाळी उठून मी नक्की काय करू? हे खरंच विचारतोय, टोमणा नाही. इथे कोणी असं काम केलेलं असेल तर सांगा.

रोखठोक_सदाशिव:

पाचशे रुपये देऊन मोठा प्रश्न विकत घेतलात. आम्ही काहीच देत नाही त्यामुळे आम्हाला झोप लागते.

सिरियसली सांगायचं तर फुकट द्यायची सवय लावली की माणूस पांगळा होतो. रेशन फुकट, बहिणींना महिना दीड हजार, आता रविवारी पुरीभाजी. कुठे थांबणार?

निवृत्त_मुख्यसेविका:

वाघोलीकर, लाल पट्टीतल्या बाळाचं आधी काय केलंत ते सांगा. ११.५ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषित, त्याला आपण घरगुती काही करत बसायचं नसतं, सरळ सरकारी दवाखान्यात दाखवायचं, गरज असेल तर भरती. बाकी चर्चा नंतर.

आता तुमच्या पिवळ्या मुलीचं. मी बत्तीस वर्षं अंगणवाड्या फिरले, निम्म्या गावाकडे नि निम्म्या पुण्याच्या वस्त्यांत, आणि तुमच्यासारखी चांगल्या मनाची माणसं दर वर्षी भेटली, रागावू नका. दोन वर्षांच्या मुलाचं पोट केवढं? त्याच्या मुठीएवढं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, मऊ, वर चमचाभर तेल-तूप घातलेलं खायला लागतं. आठवड्याला तीस-पस्तीस वेळा. त्यातली तुमची वेळ एक. आणि त्या वेळेला पुरी, जी त्याला चावत नाही, आणि भाजी, जी तिखट. केळं तेवढं पोटात जात असेल, तेही बहिणीनं अर्धं खाल्लं नाही तर. बहिणीची काय चूक, तीपण सात वर्षांचीच.

म्हणजे प्रश्न अन्न किती आहे हा नाहीच. सकाळी अकराला आणि दुपारी चारला त्या मुलीच्या तोंडात घास कोण घालणार, हा आहे. आई कुठे असते त्या वेळी? स्लॅबवर घमेली उचलत. संध्याकाळी सुटली की पाणी, मग चूल, रात्री नऊला स्वयंपाक होईतो पोर झोपलेलं. सकाळी पोर उठायच्या आत ती गेलेली. तिला तुम्ही काय "शिकवणार"? तिला सगळं माहीत असतं हो. आमच्याकडे आहाराचे तक्ते यायचे रंगीत, भिंतीला लावायचे, बाया वाचून हसायच्या.

तेव्हा पुढच्या रविवारी पाकिटं थोडी उशिरा वाटा आणि आधी तासभर बसून बायांना एवढंच विचारा. पोर दिवसभर कोणाकडे असतं. रेशनकार्ड कुठाय आणि त्यावर पोराचं नाव आहे का. पगार कोणाच्या हातात येतो. पाणी कुठून आणता आणि किती वेळ जातो. पुरुषांसमोर विचारू नका, खोटी उत्तरं मिळतील. आणि तुम्ही स्वतः विचारू नका, बायकोला पाठवा.

अजून एक. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिजवलेला गरम आहार असतो, त्याखालच्यांना आणि गरोदर-स्तनदांना घरी न्यायचा शिधा. वस्ती तात्पुरती असली तरी नोंद करता येते. तुमच्या वस्तीतल्या किती पोरांची नोंद आहे ते त्या ताईंनाच विचारा, पण भांडायला जाऊ नका. एका सेविकेकडे किती वस्त्या असतात याची कल्पना नाही लोकांना.

आकडेमोड:

मुख्यसेविकाबाईंना +१. थोडे आकडे टाकतो, रोखठोक यांच्यासाठी खास.

इफ्प्री म्हणून अन्नधोरणावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, त्यांचा २००० सालचा अभ्यास. ६३ विकसनशील देश, १९७० ते १९९५. मुलांचं कुपोषण जे कमी झालं ते कशाकशामुळे याची फोड त्यांनी केली. जवळपास ४३ टक्के वाटा बायकांच्या शिक्षणाचा निघाला आणि दरडोई अन्न वाढल्याचा साधारण २६. म्हणजे धान्य पिकवणं महत्त्वाचं आहेच, पण त्याच्यापेक्षा जास्त फरक पडला तो घरातली बाई शिकलेली असण्यानं. (देशोदेशींच्या सरासरीवरचा हिशोब आहे, एका घराला जसाच्या तसा लावू नका, पण दिशा कळते.)

आता आपलं घर बघा. महाराष्ट्र श्रीमंत राज्य ना? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची उंचीच्या मानानं रोड असलेली मुलं देशात १९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.६. देशाच्या सरासरीपेक्षा वाईट. आणि १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्त कमी असलेल्या ५४.२ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. राज्यात पैसा आहे, मॉल आहेत, पण तो पैसा ताटापर्यंत जाताना मध्ये कुठेतरी अडतो. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी हेच मांडलं होतं, धान्य नव्हतं म्हणून माणसं मेली असं नाही, धान्य मिळवायची ताकद त्यांच्याकडे उरली नव्हती. माझं म्हणणं, हाच नियम एका घराच्या आतपण लागतो. डब्यात पीठ आहे पण कोणाच्या शब्दाला वजन आहे त्यावर कोणाला किती पोळ्या हे ठरतं.

आणि रोखठोक, रेशन फुकट म्हणताय तर ते माणशी महिना पाच किलो आहे. धान्यच, डाळ-तेल नाही. पाच किलोत तुमचे किती दिवस निघतील?

रोखठोक_सदाशिव:

आमचं पाच किलोत महिना निघतो, आम्ही दोघंच आहोत आणि दोघांना शुगर आहे. पण मुद्दा मान्य.

वाघोलीकर_सध्या:

तीन आठवड्यांनी येतोय, कारण खरंच विचारून आलो. म्हणजे बायको आणि सोसायटीतल्या अजून दोघी गेल्या, मी बाहेर पोरांशी क्रिकेट खेळत होतो. मुख्यसेविकाताई, लाल पट्टीतलं बाळ तेव्हाच जूनमध्ये सेविकाताईंनी भरती करायला लावलं होतं, चौदा दिवस होतं. नंतर ते कुटुंब गावी गेलं, पुढचं कळलं नाही.

आता ऐका, मी तर चक्रावलोय.

रेशनकार्ड: एकोणीस बायांशी बोलणं झालं, पंधरा जणींचं कार्ड गावाकडे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली थोरली बाई असते, म्हणजे सासू. कागदावर सत्ता बाईकडेच आहे, फक्त ती बाई परतूरला बसलीये आणि सून इथे किराणा दुकानातून तांदूळ विकत घेतेय. देशात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून आपला वाटा उचलता येतो हे यातल्या बहुतेक जणींना माहीतच नव्हतं. काहींना माहीत होतं पण भीती अशी की आपण इथे उचललं तर म्हातारीचं तिकडे बंद होईल. तसं होत नाही, अर्धं तिथे अर्धं इथे असं घेता येतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे लहान पोरांची नावंच कार्डात नाहीत. ज्या पोरासाठी आपण सगळं करतोय त्याचे पाच किलो सरकार द्यायला तयार आहे, पण कागदावर ते पोर जन्मलेलंच नाही.

पगार: इथे रोज "जोडी"चा ठरतो. नवरा-बायको मिळून एक रक्कम, मुकादम ती नवऱ्याकडे देतो. बाईचा रोज वेगळा किती, हे तिलाच माहीत नाही. बायकोनं विचारलं "तुला किती मिळतात?" तर ती म्हणाली "मला कशाचे, आम्हाला मिळतात."

आणि आता याच्यापुढचं. १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा (नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता आल्या, तोवर हाच लागू होता), त्यात पन्नासपेक्षा जास्त बाया कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मालकानं खोली आणि सांभाळायला माणूस द्यायचा असं होतं. मी सहज साईटच्या ऑफिसात विचारलं तर म्हणे आमच्याकडे बाया फक्त एकतीस. अहो मी रोज बाल्कनीतून बघतो! मग कळलं, हजेरीच्या मस्टरवर जोडीतल्या नवऱ्याचंच नाव चढतं. बाई मस्टरवर नाही. म्हणून ती मोजली जात नाही, म्हणून पाळणाघर नाही, म्हणून पोर बहिणीच्या कडेवर, म्हणून बहीण शाळेत नाही. कामगार मंडळात नोंदणीला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तोपण तिला मिळत नाही कारण कागदोपत्री तिनं कामच केलेलं नाही.

मी पुरीभाजी वाटत होतो राव.

सुचवा पुढे काय. ग्रुपवर "बचत गट काढू" असं जोरात चाललंय.

जनता_वसाहत_गट:

मी जास्त शिकलेली नाय, मी सांगते नि मुलगी टाईप करते.

बचत गट काढू नका. मी स्वतः गटात वीस वर्ष आहे म्हणून सांगते. गट चालतो तो एका जागी राहणाऱ्या बायांचा. आम्ही पर्वती पायथ्याला एका गल्लीत वीस जणी, कोण कुठे राहते, कोणाचा नवरा कसा, कोण बुडवेल कोण नाही सगळं माहिती. तुमच्या बाया टॉवर झाला की दुसरीकडे जाणार. कर्ज कोण देईल नि फेडेल कोण. उलट गट झाला कळलं की दुसऱ्या दिवशी फायनान्सवाले येतात, आठवड्याचा हप्ता, एकीनं नाही भरला की सगळ्याजणींना रात्री दहापर्यंत बसवून ठेवायचे. आमच्या इथे एका कंपनीनी केलेलं असं, आमच्यातली एकजण घर सोडून गेली त्या पायी.

पण गटानं आमचं भलं पण झालं ते खोटं नाही बोलणार. पहिलं कर्ज घेतलं दोन हजाराचं, फॉर्मवर लिहिलं शेवयाची मशीन. खरं म्हणजे मी दोन महिन्याचा किराणा भरला एकदम. सायबांना वाटलं बाई धंदा करणार, माझा धंदा हाच की रोज रोज दुकानातून दहा रुपयाचं तेल, पाच रुपयाची साखर आणायची बंद झाली. सुटं घेतलं की महाग पडतं, गरीबाला तेच पडतं. त्यातनं जे वाचले त्यात पोरीचं दूध चालू केलं. हीच पोर जी टाईप करतेय. (हो, मीच ती. — मुलगी)

आणि एक गोष्ट आमच्यात झाली ती सांगते. गटाच्या मीटिंगला एक बाई यायच्या माहिती द्यायला, त्यांनी चालू केलं की हिशोबाच्या आधी प्रत्येकीनं सांगायचं आज सकाळी काय खाल्लं. तर आम्ही सगळ्या सांगायचो मेथीची भाजी, चपाती, वरण. त्या म्हणायच्या काय केलं ते नाही विचारलं, तू काय खाल्लंस. मग सगळ्या गप. चहा न बटर. कोणी म्हणे काल रातचा भात. कोण म्हणे काहीच नाही अजून, मीटिंगला यायची घाई झाली. त्या दिवसापासून आम्ही मीटिंगला प्रत्येकीनं एक डबा आणायचा नि तिथंच बसून खायचं असं केलं. घरी बसून खाल्लं की कोणीतरी मागतंच. तुम्ही हसाल पण माझं रक्त त्याच्यानं वाढलंय, आठवरनं अकरा झालं.

अजून एक, सक्षमीकरण म्हणजे काय, आमच्यासाठी अजून एक मीटिंग. शाळेच्या खिचडीचं काम मिळालं होतं आमच्या गटाला, पहाटे चारला उठून शिजवायचो, बिलं महिनोन्‌महिने निघायची नाहीत, किराणावाला दारात. घरचं काम काय कमी झालं नाही, नवरा पाण्याची टाकी पण भरत नाही. तुमच्या बायांना अजून काम लावू नका. त्यांना झोप द्या आधी.

कळंबचा_पुण्यात:

ताईंचा प्रतिसाद वाचून थांबलो. "काय केलं नाही, काय खाल्लं" हे डोक्यातून जाणार नाही.

मस्टरच्या मुद्द्यावर. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती. सगळे दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीचं सांगतात, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीचं सांगतात, आजी ते सांगायचीच, पण तिचं आवडतं वाक्य वेगळं होतं: "मस्टरवर माझं नाव होतं." आजोबांचं वेगळं, तिचं वेगळं. जेवढी खडी तेवढे पैसे, बाई म्हणून कमी नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात तिचे पैसे आले आणि त्यातून तिनं काय केलं तर एक शेळी घेतली. त्याच शेळीच्या दुधावर माझे वडील जगले असं ती म्हणायची, खरंखोटं देव जाणे. रोजगार हमीचा कायदा नंतर १९७७ ला झाला, २००५ ला देशात आला, त्याचं मूळ आपल्याकडच्या त्या कामांत आहे. पन्नास वर्षांपूर्वी दुष्काळात, उन्हात, सरकारी कारकुनाला बाईचं नाव वेगळं लिहिता येत होतं. वाघोलीच्या मुकादमाला आज मोबाईल हातात असून येत नाही?

दुसरं गावाकडचं. आमच्याकडे धाराशिव-लातूर भागात स्वयं शिक्षण प्रयोग म्हणून संस्था आहे, १९९३ च्या भूकंपानंतर बायांसोबत काम करत करत पुढे शेतीत आली, २०१७ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यांचं एक एकर शेतीचं मॉडेल आहे. म्हणजे काय तर घरच्या जमिनीतला साधारण एकरभर तुकडा बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं. आधी घरच्या खाण्याचं, उरलं तर बाजारात.

माझ्या वहिनीनं केलं हे. आमच्याकडे सगळं सोयाबीन होतं, बांधापासून बांधापर्यंत. शेतकऱ्याचं घर आणि मेथीची जुडी आठवडी बाजारातून विकत. भाव पडला की भाजी बंद, नुसतं पिठलं. वहिनीनं एकर मागितला तर भाऊ आठ दिवस बोलला नाही. शेवटी दिला तो नाल्याकडचा, दगडगोट्याचा, त्याला वाटलं हौस फिटेल. तिनं ज्वारी, तूर, मूग, बांधाला शेवगा, मधल्या सऱ्यांत भेंडी, गवार, दोडका असं काय काय लावलं. पहिल्या वर्षी निम्मं गेलं. पण दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला, सोयाबीन करपलं आणि घरात खायला होतं ते त्या खडकाळ तुकड्यातलं. भाऊ अजूनही लोकांना सांगताना "आम्ही एक प्रयोग केला" असं सांगतो. आम्ही! सातबारावर अर्थात वहिनीचं नाव नाहीच. ते मागितलं तर पुन्हा आठ दिवस अबोला, या वेळी आठ महिने धरा.

मला म्हणायचंय ते एवढंच की वहिनीला कोणी काही फुकट दिलं नाही आणि कोणी फार शिकवलंही नाही. तिला माहीतच होतं काय पेरायचं. ठरवायचा हक्क नव्हता.

भवानीपेठी:

लांबलचक लिहिता येत नाही, दोन गोष्टी सांगतो.

वाटायचंच असेल तर वाटू नका, विका. आमच्या पेठेत हमाल पंचायतीचं कष्टाची भाकर १९७४ पासून चालू आहे, बाबा आढावांनी सुरू केलेलं. ना नफा ना तोटा. हमाल पैसे देऊन ताठ मानेनं जेवतो आणि भाकरी करणाऱ्या बाईला पगार मिळतो. रांगेत हात पसरून कोणी उभं नाही. माझे वडील तिथेच जेवायचे, मी पण जेवलोय, झुणका एक नंबर.

दुसरं, पुण्यात बायांना मोजून घ्यायचं शिकवलं ते कचरावेचकांनी. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ला झाली, तेव्हा आधी काय मागितलं असेल तर ओळखपत्र. पैसा नाही, धान्य नाही, ओळखपत्र. पुढे त्यातूनच स्वच्छ संस्था उभी राहिली, आज तुमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणारी ताई बहुतेक त्यातलीच. तिलाच विचारा की मस्टरवर नाव कसं चढवायचं, आमच्यापेक्षा तिला जास्त कळतं.

निवृत्त_मुख्यसेविका:

भवानीपेठी यांच्याशी सहमत, पण विकायचं ते मोठ्यांना. दोन वर्षांच्या पोराला काय विकणार.

आरोळे डॉक्टर पतीपत्नी १९७० ला जामखेडला आले तेव्हाची गोष्ट आमच्या प्रशिक्षणात सांगायचे. आधी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव पाठवल्या, कोणी ऐकेना. मग गावातलीच एक बाई निवडायला सांगितली, बऱ्याचशा निरक्षर, दलित, टाकलेल्या. आठवड्यातून जामखेडला येऊन शिकायचं आणि जाऊन गावात सांगायचं. तिचं ऐकलं, कारण ती त्याच विहिरीवर पाणी भरणारी होती. १९७९ ला मॅगसेसे मिळालं डॉक्टरांना.

तर वाघोलीकर, वस्तीतली एखादी बाई बघा, जिच्या पायात किंवा कमरेत दुखणं आहे, घमेलं उचलवत नाही, पण पोरं तिच्या अंगाखांद्यावर असतात. अशी एक प्रत्येक वस्तीत असते. तुमचे पाचशे रुपये केटररला देता ते तिला पगार म्हणून द्या.

वाघोलीकर_सध्या:

मंडळी, अपडेट. अडीच महिने झाले, धागा वर काढतोय.

मस्टर: आमच्याच सोसायटीतली एक मुलगी त्या साईटवर इंजिनियर आहे, मला माहीतच नव्हतं, लिफ्टमध्ये भेटायची रोज. तिनं आतून आणि आमच्या बायकांनी बाहेरून अशी महिनाभर कटकट केली. मुकादम म्हणे "नवरे भडकतील", तर दोघं-तिघं भडकले खरे, बाकीच्यांना काही पडलेलं नव्हतं, एकजण तर म्हणाला बरं झालं, मुकादम हिशोबात घोळ करायचा तो आता सापडेल. नावं वेगळी लिहायला लागल्यावर बाया किती निघाल्या? सत्तावन्न. मग खोली मिळाली, पंखा-नळासकट, कायद्याच्या धाकानं की आमच्या पिरपिरीनं ते माहीत नाही. पगार अजून बहुतेक जणींचा नवऱ्याकडेच जातो, नऊ जणींनी स्वतःच्या खात्यात घ्यायला सुरुवात केलीये. त्यातल्या दोघींच्या घरी यावरून मारहाण झाली, हेपण लिहितो, नाहीतर सगळं छान छान वाटेल. त्या दोघींपैकी एकीनं परत नवऱ्याकडेच द्यायला सांगितलं. आम्ही काही बोललो नाही. काय बोलणार.

रेशन: सहा कुटुंबांचं इथे चालू झालं. पोरांची नावं घालायला गावच्या तहसीलला जायला लागतंय, जत्रेला जातील तेव्हा करतील.

रविवारचं जेवण बंद केलं. ग्रुपमधली अकरा घरं बाहेर पडली, "मग आम्ही वाटायचं काय" म्हणून. उरलेल्या पैशांत दोन बायांना पगार देतो, त्यातली एक अगदी मुख्यसेविकाताईंनी वर्णन केली तशीच आहे, गुडघे गेलेले आणि पोरं चिकटलेली. अकराला मऊ मुगाची खिचडी वर तेल घालून, चारला उकडलेलं अंडं किंवा शेंगदाण्याचा लाडू. पुरीभाजीपेक्षा स्वस्त पडतंय, हा हिशोब आम्हाला वर्षभर सुचला नाही. सात वर्षांची बहीण महापालिकेच्या शाळेत जायला लागलीये पण आठवड्यातून तीनच दिवस, बाकी दिवशी पाळणाघरातच येऊन बसते, म्हणते बाळ रडतं.

दंड १२.२. अजून पिवळ्यातच आहे. टॉवर मार्चमध्ये संपतोय, त्यानंतर हे लोक म्हणे हिंजवडीकडे जाणार, तिकडे कोणी ओळखीचं असेल तर सांगून ठेवा. वस्तीतल्या बायांनीच ठरवलंय की नव्या मुकादमाला आधी नावं लिहायला सांगायचं, बघू.

आणि एक मागणं, पातेल्यात खिचडीला फार वेळ आणि गॅस जातो. मोठा कुकर कोणाकडे पडून असेल तर हवाय.

रोखठोक_सदाशिव:

बारा लिटरचा आहे. आईच्या वेळचा, तिची भिशी असायची तेव्हा वीस जणी जेवायच्या. शिट्टी हरवलीये आणि रबर गेलंय, दोन्ही तुळशीबागेत मिळेल, ते तुम्ही आणा. सकाळी दहाच्या आत येऊन न्या, आणि फुकट नाही, टॉवर झाला की हिंजवडीला पोचवायची जबाबदारी तुमची.